सगळ्यांचं झाल्यावर

लोहाच्या गोळ्यांची पट्टी फोडली की गंजक्या पत्र्यासारखा वास येतो आणि मला राधानगरीकडचं आमचं धुरानं कोंदलेलं स्वयंपाकघर आठवतं. आठवीत असताना मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडले, म्हणून संध्याकाळी गावातली नर्सबाई घरी आली होती. तिनं माझी खालची पापणी ओढून पाहिली. “रक्त कमी हाय. गोळी जेवल्यावर घ्यायची, वर लगीच चहा प्यायचा न्हाय,” असं सांगता सांगता तिनं आईचीही पापणी ओढली. आत पांढरंफटक होतं. “ताई, तुमी जेवला काय?” तिनं विचारलं. “सगळ्यांचं झाल्यावर उरंल ते खाते की. माझं ऱ्हाऊ दे, पोरीचं बघा,” आई म्हणाली. वडील दारातच उभे होते. मला रडू आलं नाही, नुसतं बधिर वाटत होतं. जेवताना आईनं माझ्या ताटात मेथीची भाजी वाढली आणि ती उभीच राहिली. मी घास उचलेना, तेव्हा कुठं ती शेजारी बसली, पण परक्या घरात बसावं तशी अंग चोरून. आता माझी लेक तेवढीच झाली आहे. तिला वाढलं की मी माझंही ताट घेते.