ओला चुना आणि रिकामं गाव

फिलूचा फोन आला आणि मी पुण्याहून निघाले. फिलोमिना माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, आता निवृत्त शिक्षिका. आचऱ्याजवळच्या तिच्या गावात खाडीकाठची पडकी धर्मशाळा वाचनालयासाठी दुरुस्त करायचं तिने मनावर घेतलं होतं. कणकवली स्टेशनवर रिक्षावाल्याने एसटीच्या दसपट भाडं सांगितलं. त्याला दोन शब्द सुनावून मी एसटीतच बसले. तुम्हीही बसा.

धर्मशाळा पाहून जीव निवला. चिऱ्याच्या भिंती, नवी कौलं, खाडीकडे उघडणारा ओटा. पूर्वी कुणा शहाण्याने सिमेंट थापल्याने ओल आत कोंडून चिरा भुसभुशीत झाला होता. ते खरवडून चुन्याचा गिलावा चालला होता. मागची भिंत कालच पुरी झालेली. चुन्याला आठवडाभर पाणी मारत राहावं लागतं, नाहीतर तडकतो.

आणि कळलं, उद्यापासून गावपळण! देवाचा कौल मिळाला की अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतं. यंदा कौल मिळणार नाही, असं फिलूने परस्पर ठरवलं होतं. देवाला विचारलं नव्हतं.

"मी राहते मागे, मारते पाणी," मी ठणकावलं.

"गाव रिकामो म्हणजे रिकामो गो! माका गळ्यात क्रूस घालून जावचा लागता, तुका खंयची सूट?"

शेजारची हसीनाभाभी खिदळली. "आमचो कोंबडो पण जाता. तू कोण मोठी लागान गेलंस?"

मी भडकलेच. फिलूचा चेहरा मात्र उतरला. भिंत तडकली तर 'सिमेंटच लावा' म्हणणारे गावातले पुन्हा पुढे सरसावणार होते.

हसीनाभाभीनेच भिजवलेली गोणपाटं भिंतीवर टांगली. सकाळी डोक्यावर बोचकी घेऊन निघालेल्या प्रत्येक घराने वाटेत त्यांवर एकेक कळशी ओतली. एक आजी भिंतीलाच म्हणाली, "येतंय हां, गुमान ऱ्हव."

झोपड्यांत बांगड्याचं तिखलं, भाकरी आणि भजनं. अंथरूण मात्र आपलं न्या. फिलूचं जेवणात लक्ष नव्हतं.

परतायचा कौल मिळताच ती अनवाणीच धावली. गोणपाट उचललं. "बरी आसा गो!" ती ओरडली. गोणपाट घसरलं होतं तिथला एक कोपरा तेवढा तडकला होता. गवंड्याने तो दुपारीच पुन्हा केला.

गावपळण मला अजूनही पटलेली नाही. पण आमच्या सोसायटीत एका भिंतीसाठी कुणी तांब्याभर पाणी ओतणार नाही, हेही खरं.

परवा फिलूचा फोन होता. दुपारी बायका वाचायला येतात, मागच्या भिंतीला टेकून बसतात आणि साडीला पांढरं लागतं म्हणून तिच्याशी भांडतात. इतकी खुशीत ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.