अण्णांच्या बाई आणि माझ्या मानेवरची कातीण

आमच्या घरात आजवर एकच खून झाला आणि तो मी केला. हत्यार होतं तांब्याभर उकळतं पाणी. वेळ सकाळी साडेनऊची. आणि जी गेली ती आमच्या अंगणाच्या दगडी गडग्याखाली बीळ करून राहणारी, तळहाताएवढी पसरणारी एक कोळ्याची मादी. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला जास्त लाज वाटेल.

आमचं घर रत्नागिरीजवळ, आरे-वाऱ्याच्या वर, कातळाच्या सड्यावर. घरी मी, माझी बायको मेधा आणि माझे वडील, अण्णा. अण्णांनीही पस्तीस वर्षं विज्ञानच शिकवलं. (मी त्यांच्याच शाळेत लागलो. जुने लोक अजून मला ‘सरांचा मुलगा’ म्हणतात. ‘सर’ म्हणत नाहीत.) आई गेल्यापासून अण्णांचं बोलणं आटलं होतं. जेवताना ते फक्त ‘मीठ’ म्हणायचे. जास्त झालंय की कमी, ते आम्ही ओळखायचं.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांना बाई भेटल्या.

एका संध्याकाळी अण्णा गडग्यापाशी उभे राहिले ते उभेच. मेधा घाबरून धावली, तर ते म्हणाले, “शू! लांडगा कोळी आहे. मादी.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिथे स्टूल नेलं. रोज ऊन कलल्यावर भिंग घेऊन बसायचे आणि वहीत टिपायचे. आणि रात्री जेवताना, अहो आश्चर्य, बोलायचे! “आज बाईंनी नाकतोडा धरला.” “आज बाई दारात आल्या, पण मूड नव्हता.” मेधाला इतका आनंद झाला की ती म्हणाली, “यांना बोलतं केलंय तिने, मी तिची ओटी भरेन!” (भरायची कुठे, एवढाच प्रश्न होता.)

“ही जाळं विणत नाही,” अण्णा मला सांगत, जणू मी सातवीत आहे. “धावून शिकार करते. म्हणून लांडगा. हिचे भाईबंद जगभर पसरलेत. इटलीत तर समजूत होती, हिच्यासारखा कोळी चावला तर माणसाने वाजंत्री लावून घाम निथळेपर्यंत नाचायचं. तरच विष उतरतं. सगळं थोतांड! ही बिचारी पाय वाजला तरी बिळात पळते.”

एप्रिलच्या सुरुवातीला बाईंच्या मागे एक पांढरी गोटी दिसायला लागली. अंड्यांची पिशवी. ती ओढत त्या उन्हात येऊन बसायच्या. अण्णांचं तर जेवणात लक्ष लागेना.

“आता पिल्लं बाहेर येतील,” ते म्हणाले, “आणि सगळीच्या सगळी आईच्या पाठीवर चढून बसतील. सुधीर, पस्तीस वर्षं मी हे फळ्यावर काढून दाखवलं. डोळ्यांनी एकदाही बघितलेलं नाही.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पिल्लं फार बारीक असतात. चष्म्याचा नंबर बदलायला हवा.”

एरवी डोळे तपासायला चला म्हटलं की ‘काय बघायचं राहिलंय आता’ म्हणणारा हा माणूस! दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीला गेले, नंबर काढला आणि नवा चष्मा करायला टाकून आले.

अशा आनंदाच्या दिवसांत खेडहून माईआत्या आली. माईआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. दर वर्षी आंब्याच्या दिवसांत ती चार बरण्या आणि चाळीस समजुती घेऊन येते. तिने गडग्यापाशी पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अगो बाई, कातीण! अण्णा, कातीण पाळलीस होय रे तू?”

“कोळी आहे, माई.”

“तुझ्या पुस्तकात कोळी! आमच्यात कातीण. अंगावरून गेली की चट्टा उठतो. आणि त्या चट्ट्याची दोन टोकं मिळाली ना, की माणूस गेलाच म्हणून समज. आमच्याकडे एकाच्या कमरेवरून गेली होती. जिने केलंन् तिला मारली, तेव्हा उतरली!”

अण्णांनी तिला तासभर समजावलं. इटलीही सांगितली. अडचण अशी की आत्याने इटलीतला नाच तेवढा ऐकला आणि ‘सगळं थोतांड’ म्हणायच्या आत ती आमटीला फोडणी द्यायला उठली.

रविवारी आमच्या बागेत आंबा उतरवायचा होता. झेल्याने आंबे काढायला माणूस होता, पण मला सुट्टीच्या दिवशी आपण बागायतदार असल्याचा झटका येतो. “द्या इकडे!” म्हणून मी लांब काठीचा झेला हातात घेतला आणि डोक्यावर धरून आंबे ओढले. निम्म्यांचे देठ मोडले. संध्याकाळी दमून घरी आलो तर अण्णा आत चहा घेत होते. त्यांचं स्टूल रिकामं होतं, त्यावर बसलो. दहा मिनिटं. बास, एवढाच माझा आणि बाईंचा संबंध.

सोमवारी सकाळी उठलो तर मान पेटलेली! आरशात पाहतो तर डाव्या कानाखालून गळ्यापर्यंत लालभडक पट्टा, त्यावर फोड. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, त्यामुळे घाबरायला पूर्ण दिवस हाताशी होता. अण्णा पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले होते. चष्मा तयार झाल्याचा दुकानातून फोन आला होता.

माझी मान बघून आत्याच्या हातातली बरणी खाली आली.

“मेलीने डाव साधलान्! काल त्या स्टुलावर तू बसला होतास की नाही?”

“बसलो होतो, पण...”

“पण नाही नि बिण नाही! कातीण!”

मेधा पोळ्या लाटत होती. तिने एकदाच वळून पाहिलं. “अहो, आंब्याचा चीक उडालाय तो. काल देठ मोडत होतात ना?”

आता इथे मी ‘हो’ म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी असते. पण नवरा म्हणून माझा काही एक मान आहे. (ज्या मानेवर फोड आले होते ती मान वेगळी.)

“मेधा,” मी म्हणालो, “माझा जन्म आंब्याच्या बागेत गेला. मला चीक कळत नाही?”

कोकणातल्या शेंबड्या पोरालाही चीक कळतो. मला कळला नाही.

आत्याने दूर्वा आणि तांदूळ वाटून माझ्या मानेला लेप दिला. मग मेधाचं शिवणाचं टेप आणून पट्टा मोजला. टोकं मिळायला अजून नऊ इंच बाकी होते. नऊ इंच हे अंतर आयुष्यात मला इतकं कमी कधीच वाटलं नव्हतं. अंधश्रद्धेवरचं माझं भाषण चाळीस मिनिटांचं आहे. त्यातला एकही मुद्दा त्या क्षणी आठवेना.

“लेपाला वेळ लागतो,” आत्या म्हणाली. “तवर नाच.”

“काय?”

“नाच! अण्णानेच सांगितलंन् ना परवा? घाम निथळेपर्यंत नाचलं की विष उतरतं. त्या तिकडचे गोरे नाचतात, तुला काय धाड भरलीय?”

आता अण्णांचं नाव आलं म्हटल्यावर ते शास्त्रच झालं! मी लहानपणी गणपतीत एक वर्ष जाखडीत नाचलो होतो. (दुसऱ्या वर्षी मंडळींनी मला पायातले चाळ सांभाळायला बसवलं.) तर मी अंगणात उतरलो. आत्या ताट वाजवायला लागली. मानेवर हिरवा लेप, अंगात बनियन, एप्रिलचं ऊन आणि मी गोल गोल फिरतोय! मेधा पोळपाट सोडून दारात आली. तिने पदर तोंडाला लावला. रडतेय की हसतेय ते कळायला मार्ग नव्हता.

घाम आला. भरपूर आला. लेप ओघळला, घाम फोडांत उतरला आणि मान अशी झोंबली की मी जाखडीत कधीच न जमलेली उडी मारली.

“मोज!” आत्या ओरडली.

मोजलं. आता सातच इंच उरले होते!

“चढत्येय रे, चढत्येय! आता एकच उपाय. मार तिला!”

मेधा म्हणाली, “अहो, नको. अण्णांना येऊ दे.” हे ती दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोयच नाही. न्हाणीतल्या चुलीवर उकळणाऱ्या हंड्यातून तांब्याभर पाणी काढलं, गडग्यापाशी गेलो आणि बिळात ओतलं.

बाई बाहेर आल्या. तीन-चार पावलं चालल्या आणि थांबल्या. पांढरी गोटी दिसत नव्हती. पाठीवर माती लागल्यासारखी दिसत होती. मग ती माती जराशी हलली आणि हलायची थांबली.

मेधा खाली वाकली. मग म्हणाली, “अहो, पिल्लं आहेत.”

आत्याच्या हातातलं ताट केव्हा खाली आलं मला कळलं नाही. “पोरंबाळं होती होय गो तिला?” ती हळूच म्हणाली आणि आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. मान झोंबत होती आणि ती झोंबते आहे याचीही मला लाज वाटत होती.

अण्णा साडेअकराला आले. डोळ्यांवर नवा चष्मा, काळ्या काड्यांचा. फाटकातूनच म्हणाले, “मेधा, पोफळीच्या झावळ्या मोजून सांगू का किती ते?” इतके खुशीत मी त्यांना आई असतानाही क्वचित पाहिलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“चीक उडालाय तुझ्या मानेवर. खोबरेल लाव.”

बास. एवढं निदान! तेही दहा हातांवरून. आणि तिथून ते थेट स्टुलाकडे गेले.

मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. “अण्णा,” एवढं म्हणालोसुद्धा. पण नव्या चष्म्याला माझ्या मदतीची गरज नव्हती. ते वाकले, ओली माती पाहिली, पालथा पडलेला तांब्या पाहिला. मग गुडघ्यावर बसले. या वयात त्यांना गुडघ्यावर बसायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे. त्यांनी एका सुक्या पानावर बाईंना उचललं आणि भिंग न लावता पाहिलं. भिंग लागलंच नाही, इतका नंबर बरोबर निघाला होता.

“पिल्लं आजच बाहेर आली असणार,” ते म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. मी चार शिव्या खाल्ल्या असत्या, दोन वेळा जेवलो नसतो आणि हिशेब मिटला असता. पण अण्णा स्टूल उचलून आत गेले. रात्री पानावर बसले. आमटी खारट झाली होती (आत्याचाही हात त्या दिवशी ठिकाणावर नव्हता), पण ते ‘मीठ’सुद्धा म्हणाले नाहीत.

आत्या दुसऱ्या दिवशीच खेडला गेली. बरण्या इथेच राहिल्या. चार दिवसांनी तिचा फोन आला.

“सुध्या, मान कशी आहे?”

“बरी आहे. चीक होता तो, आत्या.”

“असू दे, असू दे. पण तिला मारलीस आणि उतरलंन् ना? मी इथे सगळ्यांना तुझा दाखला देत्ये. म्हटलं, माझा भाचा सायन्सचा मास्तर आहे, त्यानेच मारलंन्!”

म्हणजे माझ्या चाळीस मिनिटांच्या भाषणाने आजवर एकही माणूस बदलला नाही, आणि माझ्या एका तांब्याने अख्खा खेड तालुका कामाला लागला! मी फोन ठेवला आणि ठरवलं की अण्णांना दुसऱ्या बाई आणून द्यायच्या. दिवेलागणीला बॅटरी घेऊन सड्यावर जायला लागलो. लांडगा कोळ्याचे डोळे उजेडात चमकतात हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. सहा संध्याकाळी दगड धुंडाळले. दोनदा काजव्यामागे धावलो. एकदा बेडकाला हात घातला. वाटेने जाणारे विचारायचे, “मास्तर, काय हरवलंय?” काय सांगणार? सातव्या संध्याकाळी सापडला एकदाचा! आत्याच्याच रिकाम्या बरणीत घेतला आणि धावत घरी आलो.

अण्णा ओटीवर बसले होते. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा नीट केला, बरणी उचलली, दिव्याकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. मेधा आतून येऊन दाराला टेकली. दहावीच्या निकालाचीही मी एवढी वाट पाहिली नव्हती.

“नर आहे हा,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे...?”

“तोंडापाशी या दोन गाठी दिसतात ना? नर. हा बीळ करून एका जागी राहत नाही, पिल्लं वागवत नाही. हिंडत असतो.” त्यांनी बरणी माझ्या हातात दिली. “सोड त्याला. बायको शोधत फिरत असेल. तू मारलीस ती त्याची नसली म्हणजे मिळवली.”

दहा-बारा दिवसांत अण्णा माझ्याशी एवढं प्रथमच बोलले. बोलून जरासे हसलेही. मेधाने डोळे पुसले.

मी अंगणात जाऊन बरणी आडवी केली आणि झाकण काढलं. तो बाहेर आला, पण गेला नाही. माझ्याकडे तोंड करून बसून राहिला. शेवटी मीच मान खाली घालून घरात आलो. माणसाच्या दोन डोळ्यांना मी नजर देऊ शकत नव्हतो, आणि याला तर आठ होते!