टीव्हीसमोरचं मौन

माझी थोरली जाऊ कॉलेजात शिकवते. घरात तिला सगळे 'मॅडम' म्हणतात, अगदी सासूबाईसुद्धा. तिला ते आवडत नाही, म्हणून तर म्हणतात. तोंडानं फटकळ, पण घरात कुणाला ताप आला की रजा टाकून उशाशी बसणारी हीच.

गेल्या वर्षी तिनं एका परदेशी समीक्षकाचं पुस्तक मराठीत आणायला घेतलं. टीव्हीमुळे घरातली माणसं एकमेकांना परकी होतात, मुकाट पडद्याकडे बघत राहतात, असं त्यात होतं. आपल्याकडच्या घरांवरचं एक प्रकरण मात्र तिनं स्वतः लिहायचं होतं. तिच्या नावानं छापून येणारं ते पहिलंच. काही केल्या ते जमेना. शेवटी म्हणाली, "तुम्ही टीव्ही बघताना मी रोज संध्याकाळी मागे खुर्ची टाकून बसणार. तुम्ही नेहमीसारखे वागा."

आमच्या घरात मालिका बघायची ती भाजी निवडत आणि नायिकेचा उद्धार करत. पण सासूबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात गाठून दम भरला, "कुणी तोंड उघडायचं नाही. पोरीचं पुस्तक खोटं पडायला नको." आम्ही चिडीचूप बसू लागलो. मोठे दीर तर खोकलासुद्धा दाबायचे. मॅडमचं लिखाण सुसाट सुटलं.

प्रकरण पाठवायच्या आदल्या दिवशी नायिका त्या लबाड नवऱ्याकडे परत निघाली. सासूबाईंना राहवेना. "अगं बये, कुठे मरायला चाललीस?"

"जाऊ दे, तिला अक्कल नाहीच," दीर म्हणाले.

"तुला रे फार!"

आम्हाला हसू आवरेना. मॅडम ताडकन उठली. "म्हणजे इतके दिवस नाटक चाललं होतं?"

"तुझ्यासाठीच गं," सासूबाई ओशाळल्या. "तुझं म्हणणं खरं ठरावं म्हणून."

तिचे डोळे भरून आले. रागानं की कशानं, मला कळलं नाही. लिहिलेलं सगळं बाजूला सारून तिनं मुदत वाढवून घेतली आणि प्रकरण नव्यानं लिहिलं, आमच्या आरडाओरड्यासकट.

प्रकाशकांचा फोन आला. हे मूळ पुस्तकाशी जुळत नाही, बदला, नाहीतर गाळावं लागेल, असं ते म्हणत होते.

"त्यांच्या घरी तसं असेल," मॅडम म्हणाली. "आमच्या घरी असं आहे. गाळायचं तर गाळा."

आठवडाभर फोन वाजला की ती धावत जायची. मग होकार आला.

"त्यात माझं नाव घातलंस का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"बरं केलंस. लोक म्हणतील, म्हातारी किती बडबडते!"