मागच्या चटईपर्यंत

पंजाबरावांचा एक नियम होता आणि वणीकडच्या साऱ्या भीमगीतवाल्यांना तो ठाऊक होता. कार्यक्रम कुठल्याही गावी असो, वंदनेच्या आधी एक गाणं वाजवून बघायचं. ते चालू असताना पंजाबराव स्टेजवरून उतरायचे आणि पुढे सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांकडे ढुंकूनही न बघता थेट शेवटच्या चटईपाशी जायचे. घरचं आवरून, भांडी घासून उशिरा आलेल्या म्हाताऱ्या तिथे बसलेल्या असत. त्यांच्याजवळ उकिडवं बसून ते विचारायचे, “माय, शब्द आयकू येते का?” बंजाऱ्यांचा तांडा असला तर ‘माय’ऐवजी त्यांच्या बोलीतलं ‘याडी’. म्हातारी “हाव” म्हणाली की गाण्याच्या पार्टीचा आवाज बरोबर लागला. ती “गलबला होऊन राह्यला” म्हणाली, तर स्टेजवरचा कितीही मोठा वादक असो, त्याचं बटण खाली यायचं. स्वतः पंजाबरावांच्या गिटारचंसुद्धा.

“पुढच्याइले फोटो पाह्यजे असते,” ते म्हणायचे, “गाणं मागच्याइले पाह्यजे असते. शब्द पोचला नाही तं आपन कायले गेलतो तिथं? तारा खाजवाले?”

दिवसा ते वणीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. माणूस स्वभावाने तिखट. कौतुक करायची वेळ आली की त्यांच्या घशाशी काहीतरी अडकायचं, चूक काढायची असली की आवाज मोकळा व्हायचा. पण आवाज लावायला असा माणूस जिल्ह्यात नाही, हे त्यांच्यावर रागावलेले लोकही कबूल करत. पार्टीत मुलगी प्रियंका गायची आणि अतुल की-बोर्ड वाजवायचा. अतुल गाणी लिहायचाही. पंजाबरावांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्यांच्यासमोर खुर्चीवर बसतानाही तो अर्धाच बसायचा.

गेल्या वर्षभरात मात्र काहीतरी बिघडलं होतं. पांढरकवड्याकडच्या एका कार्यक्रमात स्टेजवरच्या स्पीकरमधून कर्कश शिट्टी सुटली. साऱ्या वादकांनी हात उचलले, पुढची माणसं कानावर हात ठेवून उठली, आणि पंजाबराव मात्र मान डोलावत गिटार वाजवत राहिले. अतुलने धावत जाऊन बटण बंद केलं तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. नंतर ते म्हणाले, डबा म्हातारा झाला. डबा म्हणजे त्यांचा जुना अॅम्प्लिफायर. गिटार टोचते अशी कुरकुर दोनचार गावांतून आली, तेव्हाही खापर डब्यावरच फुटलं. डब्याला तोंड नव्हतं हे बरं.

दुसरं खापर प्रियंकावर फुटत होतं. पोरगी जुनी गाणी बरी गाते, नवीन गाण्यात शब्द खाते, असं त्यांचं मत झालं होतं, आणि आपलं मत मनात ठेवायची त्यांना सवय नव्हती. घरात, रिहर्सलला, एकदा तर भर कार्यक्रमानंतर जेवणाच्या पंगतीत त्यांनी तिला झापलं. ती भात कालवत राहिली. दिवाळीच्या सुमारास नागपूरच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राकडून तिला मुख्य गायिका म्हणून बोलावणं आलं, तेव्हा फोन पंजाबरावांनीच घेतला. “अजून शब्द साफ नाई तिचे,” ते म्हणाले. “कच्चं मडकं मी बाजारात पाठवत नाई.” बायको मथुराबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. प्रियंकाने मात्र बापाचं म्हणणं खरं मानलं. त्या दिवसापासून ती पहाटे उठून एकेक शब्द तोंडात घोळवत बसायची.

भीमजयंती जवळ येत होती. यवतमाळला मंडप, लाइट आणि साउंडवाल्यांचं प्रदर्शन भरतंय असं अतुलला कळलं आणि तिथे गिटारचे हाताने बनवलेले अॅम्प घेऊन नागपूरचा कुणी घनश्याम नावाचा माणूस येणार आहे, हेही कळलं. “जाऊन पाहू,” अतुल म्हणाला. पंजाबराव लगेच तयार झाले. इतके लगेच, की मथुराबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. खरं म्हणजे त्यांच्या मनात वर्षभर एक भीती दबा धरून बसली होती. नव्या डब्यातून गिटार पूर्वीसारखी खणखणीत ऐकू आली, की ती भीती खोटी ठरणार होती. नाही ऐकू आली तर काय, हा विचार त्यांनी पुरा होऊ दिला नव्हता.

पंजाबराव, अतुल आणि प्रियंकाने प्रदर्शनाच्या मैदानात पाय ठेवताच आवाजाने छाती हादरायला लागली. जो तो आपल्या स्पीकरच्या बॉक्सचा दम दाखवत होता. घनश्यामचा स्टॉल एका कोपऱ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथे झगमग काही नव्हती. सागाच्या लाकडाची चार-पाच खोकी, पुढे जाडं कापड, मागे उघड्या पाठीत जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व.

“हा मी केला,” घनश्याम एका लहान खोक्यावर हात ठेवून म्हणाला. “आणि तो मोठा जुना, बाहेरचा. एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात होता. भंगारात जाता जाता वाचवला. घाई करू नका काका, व्हॉल्व तापू द्या.”

व्हॉल्व लालसर उजळले. पंजाबरावांना बरं वाटलं. लहानपणी त्यांच्या वस्तीत जयंतीला व्हॉल्वचंच मशीन यायचं, आणि ते तापेपर्यंत सारी पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहायची. त्यांनी गिटार जोडली, सूर छेडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे तं गोधडी पांघरून बोलून राह्यलं,” ते म्हणाले.

“गोधडी?” घनश्याम बुचकळ्यात पडला. “काका, लोक तर म्हणतात, हा जरा जास्तच उघडा आहे.”

पंजाबरावांनी ट्रेबलचं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. शेवटाला टेकवलं. मग कुठे तारांना जरा धार आली. त्यांनी जुन्या मोठ्या अॅम्पला गिटार जोडली, तिथेही तेच. गोधडी. बटण शेवटाला. शेजारच्या स्टॉलवर रात्रंदिवस छाती फोडणारे बॉक्स विकणारी डीजेवाली पोरं होती. तीसुद्धा तोंड वाकडं करून इकडे बघायला लागली आणि त्यांतल्या एकाने कानात बोट घातलं. पंजाबरावांनी ते पाहिलं. नवखी पोरं, त्यांना तारेचा आवाज काय कळणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. 

“इथं गलबला लय हाय,” ते अतुलला म्हणाले. “अशात काय समजन?”

ते खोटं नव्हतं. पण थोड्या वेळाने जेवणाची सुट्टी झाली, एकेक स्टॉल बंद पडला आणि शेडमध्ये अशी शांतता झाली की पत्र्यावर कावळा चालल्याचंही ऐकू यावं. आता सबब उरली नव्हती. मग त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते.

“अतुल, गिटार तू घे. पोरी, तू माइक घे आन गा. मी मांगं जातो.”

“कोनतं गाऊ?” प्रियंकाने विचारलं.

“कोनतंही.”

“काकांनी न आयकलेलं म्हन,” अतुल तिला म्हणाला. “परवाचं.”

परवाच लिहिलेलं ते गाणं पंजाबरावांनी अजून ऐकलेलं नव्हतं. घनश्यामने हौसेने माइक लावून दिला. अतुलने गिटार घेतली, बटणांना हात न लावता. बटणं पंजाबरावांनी ठेवली होती तशीच शेवटाला टेकलेली राहिली.

ते शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. दाराशी एक म्हातारी फुटाण्यांची टोपली घेऊन बसली होती. हातात जाड बांगड्या, कपाळावर गोंदण. पंजाबराव तिच्याजवळ उकिडवे बसले. भुरीबाई नाव तिचं, जवळच्याच एका तांड्यावरची. तिला वाटलं गिऱ्हाईक आलं, आणि तिने कागदाचा पुडा करायला घेतला.

प्रियंका गायला लागली. पंजाबरावांना चाल ऐकू येत होती. आवाजाची चढण, उतरण, ठेका, सारं ऐकू येत होतं. शब्द तेवढे नव्हते. तिथे नुसती आ, ए, ओ अशी हवा वाहत होती. त्यांच्या मस्तकात सणक गेली. एवढं सांगून, एवढं झापून, पोरगी पुन्हा शब्द खातेच आहे! उठून ओरडावं असं त्यांच्या ओठावर आलं. पण नियम म्हणजे नियम. आधी म्हातारीला विचारायचं.

“याडी, शब्द आयकू येते का?”

“येते नं,” भुरीबाई म्हणाली. ती त्यांच्याकडे तोंड करून बोलत होती, म्हणून तिचं त्यांना समजलं. “काहून नाही येनार?”

“काय म्हनते ते पोरगी?”

म्हातारीने पुडा खाली ठेवला आणि गाण्याच्या मागोमाग सांगायला लागली. ते गाणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. “म्हनते, शाळेच्या पायरीशी साऱ्याइच्या चपला सारख्या. म्हनते, कोनती चप्पल कोनाची, सांगा आता शोधून.” ती खुदकन हसली. “चांगलं हाय गानं. पोरीचा आवाज बी साजरा हाय. ह्या तारा मात्र जीव घेऊन राह्यल्या, बापा. टोचते कानात. त्याच्यावरून ओरडून ओरडून पोरगी मरन ना.”

पंजाबरावांनी पुन्हा गाण्याकडे कान लावला. शाळेच्या पायरीशी. आता शब्द कळल्यावर त्यांना ते ऐकू यायला लागले, अगदी स्वच्छ. हेच तर सर्वांत वाईट होतं. जुन्या गाण्यातही इतके दिवस ते असेच ऐकत आले होते. त्यांचे कान ऐकतच नव्हते, पाठ असलेलं आतून म्हणून दाखवत होते. पोरगी जुनं बरं गाते आणि नवं खाते, याचा अर्थ एवढाच होता.

भीती खरी निघाल्याचं दुःख त्यांना झालंच. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या अंगावर चालून आली आणि तिच्यापुढे ते दुःख कुठल्या कुठे गेलं. पंगतीत भात कालवणारी पोरगी. पहाटेचं ते घोकणं. नागपूरचा फोन. ज्या माणसाने आयुष्यभर परक्या म्हाताऱ्यांना शब्द पोचले का विचारलं, त्याने घरात एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की माझ्या पोरीचे शब्द तुम्हाला ऐकू येतात का. त्यांना स्वतःची लाज वाटली. अशी, की दारातून तसंच बाहेर निघून जावं आणि वणीची गाडी पकडावी.

ते गेले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्टॉलकडे परत आले. गाणं संपलं होतं. त्यांनी आधी वाकून अॅम्पचं ट्रेबल खाली आणलं, पार मध्यापर्यंत. घनश्यामने सुटकेचा निःश्वास सोडला, तो त्यांना दिसला.

“अतुल, तुले माहीत होतं?”

अतुल गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग तोंड वर करून म्हणाला, “शिट्टी सुटली होती तवापासून वाटत होतं, काका. पन तुमाले कोन सांगन?”

त्याला शिव्या घालाव्यात असं पंजाबरावांना फार वाटलं. पण पोराचं चुकलं काय होतं? चूक काढणं हा त्यांच्या घरात एकाच माणसाचा हक्क होता.

ते प्रियंकाकडे वळले. ती माइक हातात धरून उभी होती, चेहऱ्यावर नेहमीचीच वाट बघण्याची कळा. आता बाबा काय चूक काढतात.

“पोरी, तू शब्द खात नव्हती.”

“अं?”

“साफ होते तुये शब्द. सालभर साफ होते. माये कान गेले.” त्यांनी ते पुरं बोलून टाकलं. “नागपूरवाल्याइले मी खोटं सांगतलं.”

आता तिला बरं वाटेल, ती हसेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.  मग तिने माइक स्टँडला अडकवला आणि खाली मान घालून, माइकची वायर हाताशी गुंडाळत, काहीतरी बोलायला लागली. एकदोन शब्द नव्हते ते. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. पंजाबरावांना त्यातलं आ, ए, ओ तेवढं ऐकू आलं. पण अतुलने मान फिरवली. घनश्याम फडकं घेऊन पुसलेलाच डबा परत पुसायला लागला. म्हणजे त्या दोघांनी ऐकलं होतं.

“काय म्हनलं, पोरी? मले नाही आयकू आलं. परत सांग.”

प्रियंका जवळ आली. त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली,

“काही नाही, बाबा. चला, जेवून घ्या.”

हे शब्द त्यांना नीट ऐकू आले.