वायरची लाइन, माइकची लाइन

आमच्या दादाने आयुष्यात फक्त पत्र्याला मारलं. गॅरेजात डेंटर होता तो. चेपलेलं बॉनेट समोर आलं की हातोडीने ठोकून ठोकून सरळ करायचा, पण घरी कधी कुणावर हात उचलला नाही. ते काम बाबांचं. बाबांनी पट्टा काढला की दादा छोट्याला पलंगाखाली ढकलायचा आणि स्वतः पुढे उभा राहायचा. मी मधली, मी दुसऱ्या खोलीत जाऊन कडी लावायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही दादाला बावळट म्हणाल. म्हणा. मी तर कधीची म्हणतेय.

छोट्या गिटार वाजवायचा आणि दादा बेस, म्हणजे चार जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार. आवाज मोठा करणारा ॲम्प छोट्याचा, गिटारसाठी घेतलेला. दादाने एकदा त्यावर बेस लावला आणि स्पीकरचा पडदा टर्रकन फाटला. गिटारच्या स्पीकरला ते खालचे सूर झेपत नाहीत. दादाने मुकाट्याने नवा बसवून दिला, तरी छोट्याची धुसफूस चालूच.

"परत हात लावलास ना दादा, तर हात मोडीन."

आम्ही हसलो. हसायला काय जातंय!

पुढे छोट्या ज्या गाणाऱ्या बाईंबरोबर दोन वर्षं वाजवत होता, त्यांनी त्याला काढून टाकलं आणि वर दादाला निरोप धाडला. नव्या गाण्यासाठी बेस हवाय, रविवारी संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड करून पाठवा, आवडलं तर कायमचे या. चाळिशी उलटलेल्या डेंटरला असं कोण बोलावतं हो? दादा जेवतानासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं वाजवत बसायचा.

रविवारी दुपारी छोट्या बाहेर पडला तशी आम्ही मागच्या खोलीत मांडामांड केली. ॲम्पचा आवाज अगदी बारीक, पडद्यापासून वीतभर अंतरावर माइक, वरून जाड रजई. शिवाय बेसमधून एक वायर सरळ कॉम्प्युटरला. म्हणजे एकाच वाजवण्याच्या दोन लाइनी. वायरला फक्त तारा ऐकू येतात. माइकला ॲम्प, खोली, सगळंच.

"नंतर दोन्ही एकत्र करायच्या," दादा म्हणाला. "वायर स्वच्छ असते गं, पण जीव माइकमध्ये असतो."

बटण मी दाबलं. दादा डोळे मिटून वाजवायला लागला. मला बेसमधलं ओ की ठो कळत नाही, पण मान आपोआप डोलायला लागली. तीन मिनिटं झाली आणि दार धाडकन उघडलं.

बाईंच्या निरोपाचं छोट्याला कुणीतरी सांगितलं होतं. "माझी जागा खाल्लीस, आणि तीही माझ्याच ॲम्पवर?" दाराशी दादाची कामाची पिशवी होती. त्यातली हातोडी त्याने उचलली. मला वाटलं, ॲम्प फोडतोय. त्याने दादाच्या डाव्या हातावर घाव घातला. बोटं तारांवरच होती. ती काढून घ्यायच्या आत दुसरा घातला. मी किंचाळले, माइकचा स्टँड उपसला आणि छोट्याच्या थोबाडावर हाणला. दोन दात पडले. मला आजही त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. तो रक्त थुंकत पळाला. रजईवर, फरशीवर, माझ्या ओढणीवर रक्त, आणि कॉम्प्युटर आपला टिपून घेतोय.

हॉस्पिटलात दादाने सांगितलं, "गॅरेजात जॅक सटकला." दोन बोटं कापावी लागली. घरी आल्यावर पहिलं काय बोलला असेल? "माइकची लाइन पुसून टाक."

"डोकं फिरलंय का तुझं? तोच तर पुरावा आहे! त्याला आत टाकल्याशिवाय राहणार नाही मी."

"आत त्याला मारतील गं. मी बाबांनाही त्याला मारू दिलं नाही."

रडत, शिव्या घालत पुसली. वायरची लाइन दादाने ठेवायला लावली.

तीन महिन्यांनी छोट्या आला. पुढचे दात नाहीत, मान खाली. मी दारातूनच हाकलत होते, पण दादाने आत घेतला.

"ते... पुसलंत का?" छोट्याने विचारलं.

"पुसलं. नुसती वायरची आहे, त्यात तुझा आवाज नाही. ऐक हवं तर."

दादाने लावलं. वाजवणं कसलं सुरेख! छोट्या शेवटी वाजवणाराच, नकळत पायाने ठेका धरायला लागला. मग चारही तारा एकदम दणाणल्या. पुन्हा दणाणल्या. तारांवरून काहीतरी घसरल्याची खरखर, आणि पुढे काही नाही. छोट्याचा पाय थांबला होता.

"मी आहे ह्यात," तो म्हणाला. "दादा, पाया पडतो, हेही पुस."

दादाने उजव्या हाताने पहिल्यापासून परत लावलं.

"हे नाही पुसायचं," तो म्हणाला. "माझं वाजवणं आता एवढंच आहे."