फळीवरचं प्रस्थान

नातवंडांनो, प्रवासाला निघण्याच्या बाबतीत तुमच्या त्या समोरच्या घरातल्या आजीइतकं गंभीर माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसेल, आणि तिच्याइतका कमी प्रवास केलेलंही नसेल. अकोल्याच्या फुलांच्या मळ्यातून ती लग्न होऊन अमरावतीला आली, तेवढाच काय तो तिचा मोठा प्रवास. त्याची तक्रार अजून चालू आहे. मे महिन्यात आम्ही पंख्याखाली हाशहुश करत बसलो की ती अंगणातून आत येऊन म्हणते, "हे काय ऊन हाये बाई? आमच्या अकोल्यात याले सावली म्हनते."

तुम्हाला प्रस्थान ठाऊक नसेल. जायचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. समोरच्या आजीला जायचा दिवस कधीच चांगला मिळत नाही, आणि तिचं 'दुसऱ्याचं घर' म्हणजे आपलं घर. एकदा परतवाड्याला भाचीच्या लग्नाला निघाली, तर पिशवी दोन दिवस आधी आमच्या बैठकीत येऊन बसली. समोरची आजी ठरल्या वेळी एसटीत चढली आणि लग्नघरी पोचली. पिशवी आमच्याकडेच, आत नेसायचं लुगडं आणि आहेर. मी फोन केला तर म्हणाली, "पिशवी तं बराबर टायमावर निघाली ना बाई. मीच मांगून आली."

तिच्या नातवाला, निखिलला, समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरी लागली. काही आठवडे तिकडे, मग तितकेच घरी. मुंबईपर्यंत गाडीने आणि पुढे हेलिकॉप्टरने. आईबाप नसलेल्या या मुलाला तिनेच वाढवलं. जायच्या दिवशी नेमकी अमावस्या, त्यामुळे बॅग आधीच हळदकुंकू लावून आमच्याकडे आली. त्यानंतर समोरची आजी दर तासाला 'सहज' येऊ लागली आणि पदराखालून काहीतरी काढून बॅगेत सरकवू लागली. संध्याकाळी केर काढताना मी बॅग उचलायला गेले, तर ती जागची हलेना.

निखिल वजनाचा काटा घेऊन आला. काट्याकडे पाहून तो खालीच बसला.

"आजी, हेलिकॉप्टर हाये थे, परतवाड्याची काळीपिवळी नाई. ठरल्यापेक्षा जास्त वजन घेतच नाईत."

"त्याईले सांग, आजीनं देलं म्हनून."

"घरी नेऊन काढतो अर्धं."

ती दारातच आडवी उभी राहिली. "निघालेलं सामान मांगं फिरत नाई. काय काढाचं थे इथंच काढ."

मग माझ्या दिवाणावर बॅग उपसली. ठेच्याचा डबा, सांडगे, ज्वारीचं पीठ, लोणच्याची बरणी, गोधडी, आजोबांचा पितळी पेला. सगळ्यात खाली विहिरीवरचा जुना दोर, नीट वेटोळं केलेला.

"दोर कायले व?" निखिल हसत म्हणाला.

तिने दोराचं सुटलेलं टोक वेटोळ्यात खोचलं. मग म्हणाली, "वडाळीच्या तलावाले तरी काठ दिसते रे पोट्ट्या. त्याले कुठं हाये काठ?"

निखिलचं हसू गेलं. तिकडे जॅकेट देतात, पोहायला शिकवून मगच पाठवतात, हे सगळं तो तिला सांगू शकला असता. त्याने आपल्या दोन जीन्स बाहेर काढल्या आणि दोर पुन्हा तळाशी ठेवला.

बाकीचं सामान घरी न्यायला ती तयार होईना. जो निघाला तो परत आल्याशिवाय ते उंबरठा ओलांडणार नाही, म्हणाली. माझी पुस्तकांची फळी तुम्हाला माहीत आहे. उंचीप्रमाणे लावलेली असते. तिथे शब्दकोशांच्या शेजारी लोणच्याची बरणी बसली, तिच्या पलीकडे पेला आणि घडी घातलेल्या जीन्स. समोरची आजी रोज यायची. "बरनीले बुरशी तं नाई ना लागली, पाहून जातो," म्हणायची आणि बरणीकडे न बघता तासभर बसायची. तिकडे वारा सुटला असं निखिलने फोनवर सांगितलं, त्या दिवशी ती जेवायलाही आमच्याकडेच थांबली.

निखिल परतला तो आधी आमच्या दारात. काळवंडला होता. फळीवरचं सगळं कवेत घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. पलीकडे ती भाकरतुकडा घेऊन उभी होती. ओवाळताना पहिला प्रश्न विचारला तो दोराबद्दल.

"उशाशी ठेवला होता," तो म्हणाला.

आता दर पाळीला असंच चालतं. तो घरी असला की फळी रिकामी, आणि समोरची आजी इकडे फिरकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टी संपवून तुम्ही विमानाने परत निघालात, तेव्हा तुमच्या बॅगा मी भरल्या होत्या. वजनात अगदी चोख, मागे काही राहिलं नाही म्हणून मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी पलंगाखाली, धाकटे, तुझा एक निळा मोजा सापडला. पाकिटात घालून पाठवणार होते, तर समोरच्या आजीने तो माझ्या हातातून घेतला, झटकला आणि फळीवर बरणीच्या शेजारी ठेवला.

"याले हात नका लावू बाई. जिचा हाये थे येऊन नेईन."

सध्या निखिल घरी आहे. बरणी गेली, पेला गेला. मोजा आहे तिथेच आहे. तो आता तुझ्या पायाला होणार नाही, हे मला कळतं. पुस्तकं पुसताना मी त्याच्या कडेकडेने फडकं फिरवते.