हात लावू नये

मालाडच्या आमच्या ऑफिसात भिंतीकडे तोंड करून बसणारा एक प्रोग्रॅमर होता. पन्नाशीचा. आमची सगळी ॲप्स ज्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या साठ्यावर, चालत, ती त्याने एकट्याने लिहिलेली. आतली व्हेरिएबल्स, म्हणजे माहिती ठेवायचे कप्पे, त्याने फंक्शनमध्ये अशी कोंडली होती की बाहेरून ती कुणाला दिसायचीसुद्धा नाहीत. बाकीचे लोक खाजगी व्हेरिएबलच्या नावाआधी नुसता अंडरस्कोर, एक आडवी रेघ, देतात. त्यावर तो म्हणायचा, "ती 'हात लावू नये'ची पाटी झाली रे. लोक लावतातच ना!"

काही विचारायला गेलं की त्याचं एकच ठरलेलं. "तुला काय हवंय ते सांग. आत कुठे ठेवलंय ते विचारू नकोस."

मार्चमध्ये तो आठ दिवस आला नाही, आणि आला तो निम्मा होऊन. शर्ट खांद्यावरून उतरत होता. मग तीन आठवडे कुणाशी न बोलता त्याने सगळी लायब्ररी उघडी केली. फंक्शन्स प्रोटोटाइप नावाच्या सामायिक जागी, कुणालाही बदलता येतील अशी. व्हेरिएबल्स बाहेर, आणि प्रत्येकाआधी अंडरस्कोर.

"आता लागू दे हात," तो मला म्हणाला. "मागाहून तुमची वाट लागायला नको."

मला कळायचं ते कळलं. तरी विचारलं, "बरं नाहीये का तुम्हाला?"

त्याने चष्मा पुसला. "तुला काय हवंय ते सांग."

माझा धीर झाला नाही. मी म्हणालो, "डॉक्युमेंटेशन."

त्याने मान हलवली आणि भिंतीकडे वळून लिहायला घेतलं. तेवढंही पुरं करून गेला.